अग्रशाळेची मागची भिंत: शिकाऊ गवंड्यांसोबतच्या नोंदी

11 नोव्हेंबर 2024

आज कामाला हात घातला. गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या एका देवळाच्या अग्रशाळेची, म्हणजे भाविकांच्या उतरण्याच्या जागेची, मागची भिंत आहे. लांबी 40 फूट, जाडी दीड फूट, सगळं बांधकाम चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं. डोंगराकडच्या बाजूला भिंतीला पोट आलंय आणि कोपऱ्याजवळचा 6 फुटांचा तुकडा गेल्या पावसाळ्यात खाली बसला. देवस्थान समितीला भिंत उभी करून हवी आहे. आम्हाला त्या भिंतीसोबत चार गवंडी तयार करायचे आहेत. ही वही मुख्यतः त्यासाठी ठेवतोय.

चौघांचे करार 1961 च्या अ‍ॅप्रेंटिस कायद्याखाली सरकारी पोर्टलवर नोंदवून झाले. मुदत एक वर्षाची. एक मुलगा डिचोलीचा, दहावी झालेला. वडिलांचा खाणीवर टिप्पर होता, 2018 मध्ये खाणी परत बंद पडल्या तेव्हा तो विकावा लागला. दुसरा सत्तरीचा, तोही दहावी. पेडण्याची मुलगी बारावी झालेली आहे. चौथा बेतोड्यात वाढलेला. घरात कानडी, शाळा सरकारी मराठी, आठवीनंतर सुटली. बापाच्या हाताखाली घमेली उचलत मोठा झालाय, त्यामुळे थापी धरायची कशी हे त्याला सांगावं लागत नाही.

किमान विद्यावेतन मात्र शिक्षणावर ठरतं: पाचवी ते नववीला महिना 5,000 रुपये, दहावीला 6,000, बारावीला 7,000. म्हणजे ज्याचा हात सगळ्यात तयार, त्याला सगळ्यात कमी. पण नियमातला आकडा किमान आहे, त्याहून जास्त द्यायला कोणी अडवत नाही. चौघांनाही 9,000 ठरवले. त्यातले 1,500 सरकार थेट मुलांच्या खात्यात भरतं (एक चतुर्थांश वाटा, पण त्याला 1,500 ची मर्यादा), बाकीचे आम्ही द्यायचे.

आणखी एक गोष्ट ठरली आणि माझ्या मते ती विद्यावेतनापेक्षा मोठी आहे. मुलांना शिकवणारे मेस्त्रीकाका नेहमी चौरस मीटरच्या दराने अंगावर, म्हणजे ठेक्याने, काम घेतात. असं काम घेतलेला माणूस शिकवायला थांबला की त्याचा दिवस बुडतो. मग मुलगा वर्षभर घमेली वाहतो आणि कागदोपत्री शिकाऊ राहतो. गवंडीकाम हळूहळू बंद पडत चाललंय ते इथे, मुलांना आवड नाही म्हणून नव्हे. म्हणून काकांना या कामावर रोजंदारी द्यायची. भिंत किती चढली याच्याशी त्यांच्या पैशांचा संबंध नाही.

समितीच्या अध्यक्षांनी विचारलं, "मग काम लांबलं तर?" मी म्हटलं, "लांबणारच आहे. अंदाजपत्रकात दिवस धरलेत, बघून घ्या." त्यांनी बघितलं आणि सही केली.

14 नोव्हेंबर

पहिला धडा चिरा निवडण्याचा. खाणीवरून आलेला ढीग काकांनी चौघांपुढे ठेवला आणि प्रत्येकाला हातोडी दिली. चांगला चिरा खणखणीत वाजतो, आत मातीचा खळगा असला की बद्द आवाज येतो. बद्द वाजलेले बाजूला काढून फोडले. दोन-तीन चिऱ्यांत मुठीएवढी पिवळी माती निघाली. असा चिरा भिंतीत बसला तर माती पावसात विरघळून वाहून जाते आणि मागे पोकळी राहते.

खाणीतून काढताना चिरा ओला आणि मऊ असतो, हवा लागली की टणक होतो. त्यामुळे तासायचं काम ताजेपणी आणि बांधायचं काम नंतर. आत्ता आलेले चिरे रचून ठेवले, मध्ये वारा खेळेल अशी फट सोडून. आपल्याकडचा साधारण 15 बाय 9 बाय 7 इंचांचा चिरा 30 किलोच्या आसपास भरतो. तो कमरेतून वाकून उचलायचा नाही, गुडघ्यात बसून अंगाशी धरून उठायचं. काकांची स्वतःची कंबर चाळिशीतच गेली, म्हणून हे ते दिवसातून दहा वेळा सांगतात आणि कोणी विसरला तर चिरा परत खाली ठेवायला लावतात.

18 नोव्हेंबर

चुनकळी, म्हणजे भाजलेला कोरडा चुना, भिजवली. हे काम लवकर करायला हवं, कारण चुना जितका जास्त मुरेल तितका हाताखाली चांगला येतो. टाकीत आधी पाणी, मग चुनकळी. उलट कधीच नाही. घातल्याबरोबर पाणी उकळायला लागतं आणि शिंतोडे उडतात. चष्मा आणि हातमोजे घातल्याशिवाय टाकीजवळ कोणी जायचं नाही. डोळ्यात चुना गेला तर काय करायचं हे आधी सांगितलं: भरपूर साधं पाणी, सतत, आणि तसंच दवाखान्यात. काकांनी स्वतः चष्मा घालायला आढेवेढे घेतले. पेडण्याची मुलगी म्हणाली, "काका, तुम्ही नाही घातला तर आम्हीही काढतो." त्यांनी घातला.

वर बोटभर पाणी ठेवून टाकी झाकली. महिनाभराने दह्यासारखा घट्ट चुना हाताला लागला पाहिजे.

22 नोव्हेंबर

जुन्या गोव्यात कालपासून सेंट फ्रान्सिस झेवियरचं शवप्रदर्शन सुरू झालं, रस्ता तुंबलेला. रेतीचा ट्रक दुपार टळून गेल्यावर आला.

आलेली रेती उतरवायच्या आधी तपासली. काचेच्या बाटलीत रेती, वर मिठाचं पाणी, हलवून तीन तास ठेवायची. रेती खाली बसते आणि गाळाचा थर वर वेगळा दिसतो. गाळ उंचीच्या 8 टक्क्यांपेक्षा जास्त निघाला तर ट्रक परत. आजचा गाळ चालण्यासारखा होता. पण मला दुसरीच धास्ती असते. आपल्या नद्यांत भरतीचं पाणी खूप आतपर्यंत येतं, त्यामुळे खालच्या पट्ट्यातली रेती खारट असू शकते. खारी रेती भिंतीत गेली की मीठ वर्षानुवर्षं बाहेर येत राहतं. काकांनी चिमूटभर जिभेवर ठेवली आणि थुंकले. मग चौघांनीही. ही चाचणी कुठल्या पुस्तकात नसेल, पण खारट रेतीचा ट्रक ती दारातच थांबवते.

27 नोव्हेंबर

सरावाची भिंत सुरू. देवळाच्या मागच्या मोकळ्या जागेत प्रत्येकाला 5 फूट लांबी आखून दिली. माल (सांध्यात भरायचा गारा) मातीचा, म्हणजे उतरवता येतो आणि चिरे परत वापरता येतात. बांधायची, काकांनी तपासायची, उतरवायची, परत बांधायची.

आधी काटकोन. गुण्या (काटकोन बघायची पट्टी) लहान पडतो, म्हणून दोरीने: एका बाजूला 3 फूट, दुसरीला 4, तिरकं माप बरोबर 5 आलं की कोपरा काटकोनात. सत्तरीच्या मुलाला हे दहावीच्या भूमितीत पाठ होतं. प्रत्यक्ष जमिनीवर खुंट्या ठोकून ते जुळलं तेव्हा त्याने दोनदा मोजून बघितलं.

5 डिसेंबर

आज बराच वेळ एकाच चिऱ्याजवळ गेला, त्यामुळे सविस्तर लिहितो.

डिचोलीच्या मुलाचा चौथा थर. कोपऱ्यातले चिरे ओळंब्यात, मधली रांग मात्र पुढे आलेली. काकांनी त्याला थापी खाली ठेवायला सांगितली आणि स्वतः एक चिरा बसवून दाखवला. चिरा आधी पाण्यात बुडवून काढला, कारण कोरडा चिरा मालातलं पाणी शोषून घेतो आणि माल धरत नाही. खालच्या थरावर माल पसरला, मध्ये थोडी खोलगट रेघ ओढली. शेजारच्या चिऱ्याच्या डोक्याला माल लावला. मग चिरा दोन्ही हातांनी उतरवला, तो सरळ खाली न ठेवता किंचित सरकवत शेजारच्याकडे दाबत, म्हणजे उभा सांधा भरतो. हातोडीच्या लाकडी दांड्याने तीन ठोके. बाहेर आलेला माल थापीने खालून वर कापून काढला.

"आता दोरी बघ," काका म्हणाले. चिरा आणि थराच्या कडेने ताणलेली दोरी यांच्यात केसाएवढी फट होती.

"दोरीला चिरा टेकवायचा नाही रे. एकाने टेकवला की दोरी पुढे सरकते, पुढचा त्या दोरीला बसतो, आणि भिंत पोट काढते. तुझ्या रांगेत पहिला कुठला टेकलाय तो शोध."

मुलगा डावीकडून एकेका चिऱ्यामागे बोट फिरवत गेला. तिसरा चिरा. तिथून पुढची रांग त्याने स्वतःच उतरवली. काकांनी हात लावला नाही, मीही काही बोललो नाही. एका तासात रांग परत बसली आणि दोरी मोकळी राहिली. अंगावर घेतलेल्या कामात हा तास मिळाला नसता. काकांनी तो चिरा पायाने सरळ करून पुढचा घेतला असता, आणि मुलाला कळलंही नसतं.

19 डिसेंबर

मुक्तिदिनाची सुट्टी.

8 जानेवारी 2025

जुनी भिंत उघडायला घेतली. छपराला आतून टेकू दिले, मगच बाहेरचा गिलावा काढला. तो सिमेंटचा आहे, काही दशकांपूर्वी कधीतरी चढवलेला. ढप्पे निघाले तसं मागचं चित्र दिसलं: चिरा ओलसर, बोटाने खरवडला तरी भुकटी पडते, आणि सांध्यांतून पांढरं मीठ फुटलेलं.

चौघांना भिंतीसमोर उभं करून कारण समजावलं. चिऱ्याची भिंत जमिनीतलं पाणी वर ओढते आणि पृष्ठभागावरून सुकते. चुन्याच्या गिलाव्यातून ओल बाहेर पडते. सिमेंटचा घट्ट गिलावा ती आत कोंडतो. मग पाणी चिऱ्यातच सुकतं, मिठाचे स्फटिक चिऱ्याच्या छिद्रांत वाढतात आणि आतून त्याला फोडतात. गिलावा बाहेरून धडधाकट दिसतो, भिंत आतून जाते. बेतोड्याच्या मुलाने विचारलं, "मग सिमेंट वाईट?" तसं नाही. ज्या भिंतीचा सांधा चुन्यामातीचा आहे, तिच्यावर ते चालत नाही. नव्या काँक्रीटच्या चौकटीत चिऱ्याच्या भिंती सगळे सिमेंटातच बांधतात, आणि ते कामही यांना यायला हवं. फेब्रुवारीत त्याची पाळी.

पेडण्याच्या मुलीने पडलेल्या तुकड्याजवळचे चांगले चिरे खडूने आकडे टाकून काढले आणि वहीत थरांचं चित्र उतरवून घेतलं. असं कर म्हणून तिला कोणी सांगितलं नव्हतं.

29 जानेवारी

पायाचा भाग मोकळा झाला. डोंगरावरून येणारं पाणी थेट जोत्याला लागत होतं. आधी चर खणला, खडी भरली, उतार दिला. भिंत त्यानंतर. काकांनी हे दोन वाक्यांत संपवलं आणि फावडी वाटली.

12 फेब्रुवारी

सत्तरीचा मुलगा गेला. किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात पर्यटन हंगामासाठी काम मिळालं, राहणं-जेवण तिथेच. घरी बहिणीचं लग्न आहे. त्याने येऊन सांगितलं, काकांच्या पाया पडला. करार संपवल्याची नोंद पोर्टलवर केली.

माझा त्याच्यावर राग नाही. वर्षभर 9,000 रुपयांत घर चालत नाही, हे मलाही दिसतं. पण त्याच आठवड्यात एका ठेकेदाराने उरलेल्या तिघांना रोजावर मागितलं, "तुमच्याकडे तयार झालेत म्हणून", तेव्हा मात्र मला फार वाईट वाटलं. तयार झालेत म्हणजे काय? सरळ भिंत येते. कोपरा अजून काकांशिवाय येत नाही, गिलावा अजून कोणी धरलाही नाही. आत्ता उचललेला मुलगा आयुष्यभर सरळ भिंतच बांधेल आणि त्याच दरात अडकेल. तिघांना ठेकेदाराचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं, लपवलं नाही. तिघेही थांबले.

26 फेब्रुवारी

खरी भिंत वर येतेय. माल चुना एक, रेती तीन, त्यात थोडी सुरखी (विटेची भुकटी), म्हणजे ओल्या जागीही धरतो. दीड फूट जाडीत आतला आणि बाहेरचा चिरा वेगळे राहिले तर भिंत मधून दुभंगते, म्हणून दर थरात काही चिरे आडवे घालून दोन्ही बाजू बांधून घ्यायच्या. उभा सांधा उभ्या सांध्यावर येऊ द्यायचा नाही. काका लांबून बघूनच ओरडतात: "सांधमोड बघ गो!"

दिवसाला 3 फुटांच्या वर चढायचं नाही, खालचा माल ओला असतो. तिघांना हे सगळ्यात अवघड जातं. हात चालायला लागलाय आणि दुपारी तीनलाच थांबावं लागतं. उरलेल्या वेळात दरजा (सांध्यांच्या बाहेरच्या फटी) भरायच्या, परांची बांधायची आणि मोजमापं लिहायची.

14 मार्च

शिगम्यामुळे मुलं दोन दिवस गावी. चुन्याचं बांधकाम ओलं ठेवायला मी आणि काका होतो. गोणपाट भिजवून भिंतीवर टाकलं, ऊन कडक आहे.

काकांनी आज विश्वकर्मा योजनेचं कार्ड दाखवलं. 2023 मध्ये सुरू झालेल्या या योजनेत 18 व्यवसाय आहेत आणि राजमिस्त्री त्यातला एक. अवजारांसाठी 15,000 रुपयांचं व्हाउचर मिळतं. हातात थापी घेतल्यापासून त्यांना मिळालेला हा पहिला कागद आहे, ज्यावर त्यांचा धंदा लिहिलेला आहे. त्यांनी तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवलाय.

9 एप्रिल

आज काम बंद ठेवून तिघांना आणि काकांना घेऊन जुन्या गोव्याला गेलो. शवप्रदर्शनाची गर्दी कधीच ओसरली होती. बॉम जीझस बासिलिका बाहेरून बघायची होती.

1594 मध्ये बांधायला घेतली, 1605 मध्ये पुरी झाली. तांबडा उघडा चिरा हीच तिची ओळख झालीय, फोटोत तीच दिसते. पण ही भिंत उघडी राहण्यासाठी बांधलेली नव्हती. तिच्यावर चुन्याचा गिलावा होता. 1950 च्या दशकात पोर्तुगीज काळातच तो काढून टाकला गेला. तेव्हापासून प्रत्येक पावसाळा थेट चिऱ्यावर. मुलांना बाजूच्या भिंतीजवळ नेलं. चिऱ्याच्या कडा गोल झालेल्या, छिद्रं मोठी झालेली, आणि कित्येक ठिकाणी सांध्यातला माल पुढे आणि चिरा मागे. दर्शनी भागावरच्या नक्षीचा दगड मात्र वेगळा, काळा बसाल्ट, वसईहून आणलेला. तो अजून धारदार आहे.

डिचोलीचा मुलगा बराच वेळ काहीच बोलला नाही. मग त्याने विचारलं, "नव्या बंगल्यांना लोक मुद्दाम चिरा उघडा ठेवतात. त्यांना कोणी सांगत नाही?"

काका म्हणाले, "छप्पर अडीच फूट बाहेर काढलं तर चालतं. भिंतीवर पाऊसच येत नाही. आता छप्परही आखूड आणि चिराही उघडा, मग कसं टिकेल?"

पेडण्याच्या मुलीने छपराची कड आणि भिंत यांचं छोटं रेखाचित्र वहीत काढलं आणि पावसाची तिरकी रेघ ओढली. रेघ भिंतीला कुठे लागते तिथे खूण केली. घरमालकाला समजवायला मला याहून चांगलं चित्र काढता येणार नाही. गिलावा कशासाठी, हे आता तिघांना परत सांगावं लागणार नाही. पुढचा महिना गिलाव्याचा आहे.

6 मे

गिलाव्याचा पहिला हात झाला, दुसरा सुरू. बेतोड्याच्या मुलाचा गिलावा सपाट करायचा रंधा सगळ्यात सफाईने फिरतो. चुन्याचा गिलावा सिमेंटसारखा एका दुपारी संपत नाही. थोडा घट्ट झाला की परत येऊन दाबायचा, बारीक भेगा पडल्या की परत दाबायचा. आता डिचोलीचा मुलगा त्याला विचारून काम करतो. आठवी आणि दहावीचा फरक या भिंतीवर राहिलेला नाही.

21 मे

कालपासून मुसळधार पाऊस, जिल्ह्याला रेड अलर्ट. मे महिन्यात असा पाऊस काकांनाही आठवत नाही. शेवटचा हात चढून आठवडाही झाला नव्हता. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू दगड होतो, त्याला वेळ लागतो. तिघे रात्रीच आले. ताडपत्री भिंतीला चिकटवून बांधली तर हवा कोंडते, म्हणून बांबूवर हातभर अंतर ठेवून ताणली. कोपऱ्याकडच्या वरच्या पट्ट्यातून चुना ओघळलाच. साधारण 4 फूट रुंदीचा भाग ऑक्टोबरात परत करावा लागेल. बाकीची भिंत शाबूत.

27 मे

मान्सून परवाच गोव्यात पोचला. आज पेपरात बातमी आहे: केंद्रीय अ‍ॅप्रेंटिसशिप परिषदेने विद्यावेतन 36 टक्क्यांनी वाढवण्याची शिफारस केली आहे. 5,000 ते 9,000 ऐवजी 6,800 ते 12,300. शिफारस आहे, नियम नाही. तरी व्हायलाच हवं. सत्तरीच्या मुलाला फोन करून सांगितलं. ऑक्टोबरात परत यायला जागा आहे का, असं त्याने विचारलं. आहे म्हटलं, नवा करार करावा लागेल.

12 जून

पावसाळ्याची आखणी झाली. बाहेरचं काम बंद, पण करार नोव्हेंबरपर्यंत आहे आणि पावसाळाभर मुलांना घरी बसवणं म्हणजे हात परत विसरायला लावणं. अग्रशाळेच्या ओसरीत समितीने जागा दिली आहे. तिथे तिघांनी कमान बांधायची: 4 फूट गाळ्याची अर्धगोल, चिऱ्याची. पुढच्या हंगामात समोरच्या दारावरची तडकलेली कमान बदलायची आहे, तिचाच हा सराव. प्रत्येक चिरा पाचरीच्या आकारात तासायचा, दोन्ही बाजूंनी एकाच वेळी वर जायचं, मधला कळीचा चिरा शेवटी. तासताना मास्क सक्तीचा, बंद जागेत धूळ जास्त साचते.

पेडण्याच्या मुलीने कमानीचं पूर्ण मापाचं रेखाटन ओसरीच्या जमिनीवर खडूने काढून ठेवलंय आणि चिऱ्यांची संख्या विषम ठेवलीय. काकांनी ते दोरीने तपासलं. सेंटरिंगसाठी, म्हणजे कमानीला खालून धरणाऱ्या साच्यासाठी, फणसाचं लाकूड की साधं जंगली, एवढाच प्रश्न त्यांनी मला विचारला. साधं घेतो. उद्या सुताराकडे जायचंय.